आमच्या अंगावर काय चढणार, ते आमच्या अंगावर चढवून ठरवा

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
साहित्य निवड समिती यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या समितीने पोलिसांच्या विशेष कारवाई पथकासाठी नव्या बुलेटप्रूफ जॅकेटचा नमुना मंजूर केल्याचं पत्र गेल्या आठवड्यात पथकात पोचलं. मी ते तीनदा वाचलं. सगळ्यांना एकाच प्रकारचं जॅकेट, मध्यम आणि मोठा असे दोनच आकार, पुढे-मागे लेव्हल चारच्या, म्हणजे रायफलची गोळीही अडवणाऱ्या कडक प्लेट आणि छातीवर कायमचे शिवून टाकलेले सहा पाउच. नमुना टेबलावर ठेवून पाहिला, कागदपत्रं तपासली, दर पाहिले, मंजुरी दिली. पथकातल्या एकाच्याही अंगावर तो चढला नाही. कुणाला घालून पळायला, वाकायला, गाडीत बसायला सांगितलं नाही. फोन करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की तांत्रिक निकष पूर्ण होतात आणि घालून बघायची अट निविदेत नाही.

याआधी मी दोन पत्रं रीतसर पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी या पथकात नऊ वर्षं वैद्यकीय सहायक होते. दार उघडण्यापूर्वी भिंतीला चिकटून जी रांग लागते, तिच्यात शेवटून दुसरी. अंगावर इतरांसारखंच जॅकेट, तसंच हेल्मेट, शिवाय पाठीवर औषधांची पिशवी. नंतर चार वर्षं साहित्याची नोंदवही माझ्याकडे होती. कोणत्या जॅकेटची शिवण उसवली, कोणत्या प्लेटची मुदत संपत आली, कुणाचं बकल तुटलं, हे मला तोंडपाठ असायचं. आता मी पथकात नाही, त्यामुळे हे नवं जॅकेट मला घालायचं नाही. ज्यांना घालायचं आहे त्यांना नोकरीच्या नियमांमुळे असं जाहीर पत्र लिहिता येत नाही. मला येतं.

एका पहाटेची हकिगत सांगते. ठिकाण आणि तारीख सांगत नाही, कारण ज्याची ती हकिगत आहे त्याला ते नको आहे.

ढाल धरून सगळ्यात पुढे असलेल्या आमच्या सहकाऱ्याला डाव्या मांडीत गोळी लागली. तो जिन्याच्या वळणावर खाली बसला. त्याचं टूर्निकेट, म्हणजे वाहतं रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, जॅकेटच्या मागच्या बाजूला डावीकडे शिवलेल्या पाउचमध्ये होतं. पुढे जागाच उरली नव्हती. त्याचा एकही हात तिथवर पोचेना. मी पोचले आणि माझ्याजवळचं टूर्निकेट लावलं. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली असेल तर माणूस काही मिनिटांत जातो. मग त्याला खाली न्यायचं होतं. जॅकेटच्या मानेमागे जखमीला ओढायचा एक पट्टा असतो. दोघांनी तो धरून हिसका दिला आणि तो एका बाजूने उसवून हातात आला. नुसत्या वरच्या कापडाला शिवलेला होता. शेवटी काखेत हात घालून त्याला पायरी-पायरीने उतरवलं.

गाडीत घेतल्यावर त्याचा श्वास मला बरोबर वाटेना. मांडीतल्या जखमेने असा श्वास होत नाही. छाती बघायलाच हवी होती. बाजूचे वेल्क्रो पाउचांखाली दबलेले, त्यात जिन्यावरचा चुना आणि वाळू भरलेली. मी कात्री लावली. आमची कात्री जाड पात्याची असते, जीन्सची पँट खालपासून वरपर्यंत कापते. नायलॉनच्या पट्ट्याच्या तिसऱ्या थरात ती अडकली. दुसऱ्या पट्ट्याला लावली, तर त्याच्या आत प्लॅस्टिकची पट्टी निघाली. हात रक्ताने निसरडे झाले होते, गाडी वळणं घेत होती. शेवटी त्याला उठवून बसवलं आणि जॅकेट डोक्यावरून ओढून काढलं. ज्याच्या पाठीच्या कण्याला काय झालंय हे मला ठाऊक नव्हतं, त्या माणसाला मी उठवून बसवलं. डाव्या काखेखाली, पुढची आणि मागची प्लेट जिथे एकमेकींना भेटत नाहीत आणि मधलं मऊ पॅनल, म्हणजे गोळी अडवणाऱ्या कापडाचे थर, जिथे चार बोटं कमी पडलं होतं, तिथे दुसरी जखम होती. लहानशी. बाहेरून फारसं रक्तही नव्हतं. हवा आत शिरू नये म्हणून लावायची चिकटपट्टी तिच्यावर बसेपर्यंत आमचा निम्मा रस्ता सरला होता.

तो जगला. आज चालतो, थोडा लंगडतो. पण त्या जॅकेटच्या कागदपत्रांत एकही त्रुटी नव्हती. नंतर मीच ती फाईल काढून वाचली. सगळी प्रमाणपत्रं जागेवर, सगळ्या सह्या जागेवर. प्लेटवर गोळी बसली असती तर प्लेटने ती अडवलीही असती. जॅकेट आणि आतला माणूस एकमेकांना बसत नव्हते, आणि हे कुठल्याच प्रमाणपत्रात तपासलेलं नव्हतं. तुमचं पत्र वाचताना मला ती फाईल आठवली.

आता तुमच्या निर्णयाकडे येते. आधी लेव्हल चार.

पत्रात 'लेव्हल चार, सर्वोच्च संरक्षण' असं लिहिलं आहे. कोणत्या मानकाची लेव्हल चार, ते लिहिलेलं नाही. जगभर बहुतेक जण अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसचं, म्हणजे एनआयजेचं मानक धरतात. त्यातल्या २००८ च्या ०१०१.०६ या आवृत्तीत लेव्हल चारच्या प्लेटवर .३० कॅलिबरची, म्हणजे सुमारे ०.३० इंच व्यासाची चिलखतभेदी गोळी सेकंदाला ८७८ मीटर वेगाने मारतात, आणि एका प्लेटने अशी एकच गोळी अडवायची असते. लेव्हल तीनच्या प्लेटवर ७.६२ मिलिमीटरची साधी रायफल गोळी ८४७ मीटर वेगाने मारतात, पण तिने तशा सहा अडवायच्या असतात. चार म्हणजे सगळ्याच बाबतीत तीनपेक्षा वरचढ, असा सरळ हिशोब इथे चालत नाही. उलट लेव्हल तीनचीही एक मेख आहे. नुसत्या पॉलिएथिलीनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या काही प्लेट ती जड ७.६२ ची गोळी झेलतात, पण ५.५६ मिलिमीटरची एम ८५५ ही पोलादी टोकाची लहान गोळी त्यांच्यातून पार जाऊ शकते. अशा गोंधळांमुळेच नोव्हेंबर २०२३ मध्ये ०१०१.०७ ही नवी आवृत्ती आली आणि रायफलच्या पातळ्या आरएफ१, आरएफ२, आरएफ३ अशा नव्याने मांडल्या गेल्या. पोलादी टोकाच्या त्या गोळीची चाचणी आरएफ२ पासून धरली आहे. जुनी लेव्हल चार साधारण आरएफ३ च्या जागी येते.

लेव्हल चार निवडणं चूक आहे, असा माझा दावा नाही. ती कोणत्या धोक्यासाठी निवडली, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, ही माझी तक्रार आहे. पथकाच्या मागच्या कारवायांत कोणती शस्त्रं आणि कोणत्या गोळ्या हाती लागल्या याची यादी शस्त्रागारात आहे. ती मागवली होती का? चिलखतभेदी गोळीचा धोका खरोखर असेल तर जड प्लेट घालायला कुणी कुरकुरणार नाही. तो नसेल, तर नसलेल्या धोक्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर जादा वजन कायमचं चढणार आहे.

प्लेट एकटीच चालणारी आहे, की आतल्या मऊ पॅनलसकट घातली तरच तिची पातळी लागू होते, हेही पत्रात नाही. घाईत पॅनल न घालता नुसती प्लेट चढवून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या प्लेट दुसऱ्या प्रकारच्या असत्या तर त्यांच्या अंगावर कागदावरचं संरक्षण नव्हतंच. आणि गोळी अडवणारं पॅनल सुरीही अडवेल, असं कुणी गृहीत धरलं असेल तर तेही तपासा. भोसकण्याची चाचणी वेगळी असते आणि तिचं मानकही वेगळं आहे.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. आठांपैकी फक्त दोघांच्या अंगावर जॅकेट होतं, तेही पिस्तुलाच्या गोळीपुरतं; समोर मात्र .२२३ कॅलिबरची रायफल होती. ही घटना प्रशिक्षणात सगळ्यांना शिकवतात, पण शिकवताना तिच्यातला एकच अर्धा भाग घेतला जातो, की संरक्षण भारी हवं. दुसरा अर्धा भाग असा, की आठपैकी सहाजणांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. तासन्‌तास गाडीत बसून पाळत ठेवायची असेल तर माणूस जड, टोचणारं जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकतो. हे मी आमच्याच माणसांना करताना पाहिलं आहे आणि त्यांना रागावलेही आहे. पण बसल्यावर प्लेटची खालची कड मांडीवर टेकून वरची कड गळ्यात घुसत असेल, तर रागावून काय होणार?

यावरून आकाराचा मुद्दा येतो, आणि माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा आहे.

प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळग्याशी, म्हणजे दोन्ही हासळ्यांची हाडं जिथे मिळतात तिथे आली पाहिजे. रुंदीला तिने दोन्ही स्तनाग्रांमधला भाग झाकला पाहिजे. हृदय आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या त्या भागात आहेत. पोटाकडे ती थोडी कमी पडली तरी चालतं, वर कमी पडून चालत नाही. नवखा माणूस नेमका उलटं करतो, जॅकेट सैल सोडून प्लेट पोटावर घेतो, कारण तिथे ती टोचत नाही. उंची, खांदे आणि छाती माणसागणिक वेगळी. मध्यम आकाराची प्लेट साधारण साडेनऊ इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच असते. ती एखाद्या सडपातळ मुलाच्या खांद्याला बंदूक टेकू देत नाही, आणि धिप्पाड माणसाच्या छातीच्या दोन्ही कडा उघड्या ठेवते. तुम्ही पथकाकडून फक्त छातीचा घेर मागवलात. धडाची उंची मागवली नाही. उभ्याने आणि बसून अशी दोन्ही मापं घ्यावी लागतात, कारण बसल्यावर धड आखडतं.

पथकात आज बायकाही आहेत, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. सपाट पॅनल बाईच्या छातीवर बसवलं की ते वर उचललं जातं आणि काखेजवळ फट पडते. ती फट मी नऊ वर्षं अंगावर वागवली. दोन्ही बाजूंना माझी मूठ आत जायची. पट्टे आवळले की फट कमी व्हायची आणि श्वास अडायचा, सैल केले की श्वास यायचा आणि फट उघडायची. जखमीजवळ गुडघे टेकून वाकले की पॅनलची वरची कड हनुवटीला लागायची. शेवटी मी आतून फोमचा तुकडा शिवून घेतला होता. स्वतःचं चिलखत कुणी सुई-दोऱ्याने दुरुस्त करायला लागू नये. बायकांसाठी घडीव पॅनल मिळतात आणि नव्या मानकात त्यांची चाचणी सुधारली आहे, तेव्हा आज ती न मागवण्याला काही कारण उरलेलं नाही.

वजनाबद्दल थोडक्यात लिहिते. सिरॅमिकच्या दोन प्लेट पाच ते सात किलोच्या असतात. त्यात मऊ पॅनल, हेल्मेट, रायफल, पिस्तूल आणि वॉकीटॉकी. गोळ्या भरलेलं एकेक मॅगझिन अर्ध्या किलोच्या आसपास. पंधरा-वीस किलोचा आकडा बघता-बघता गाठला जातो. जॅकेटखाली घाम वाळत नाही, धड गार होत नाही. सरावात एक तरणाबांड मुलगा चौथ्या मजल्यावर भिंतीला टेकून बसला, तेव्हा मी त्याची नाडी मोजली, १७० च्या वर होती. मी त्याला नाव विचारलं, त्याने मला वेळ सांगितली. अशा अवस्थेत त्या मुलाने गोळी झाडायची की नाही हे ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला त्याच्याकडे सेकंदही नसतो. म्हणून वाचवलेला एकेक किलो मला संरक्षणाइतकाच मोलाचा वाटतो.

आणि ते वजन कुठे टेकतं? तुमच्या नमुन्यात सगळं खांद्यांवर. पोटाभोवतीचा रुंद पट्टा नुसता जागेवर धरतो, भार घेत नाही. मॅगझिन, पिस्तूल आणि इतर सामान कमरेच्या पक्क्या बेल्टवर उतरवलं तर भार कुल्ल्यांवर जातो आणि खांदे मोकळे राहतात. पाठीवर ओझं वाहणाऱ्या कुणालाही हे कळतं.

शिवलेल्या पाउचांबद्दल मात्र मला सविस्तर लिहावंच लागेल. ज्यांनी ते शिवायला मान्यता दिली त्यांनी पथकाचं काम जवळून पाहिलेलं नसावं. दार फोडणाऱ्याच्या छातीवर त्याच्या अवजारांसाठी जागा मोकळी लागते. ढालवाल्याला रायफलची मॅगझिन लागतच नाहीत, त्याला पिस्तुलाची लागतात, तीही ज्या हातात ढाल नाही त्या हाताला सापडतील अशी. दूरवरून नेम धरणारा पोटावर पालथा पडून असतो. छातीवरच्या सहा पाउचांवर पालथं पडून बघा, मान किती वेळ वर राहते ते. वैद्यकीय सहायकाला मॅगझिन दोन पुरतात, हातमोजे आणि कात्री मात्र समोर हवी. आणि जवळजवळ प्रत्येक पथकात एखादा डावखुरा असतोच. तुमच्या नमुन्यातले सगळे पाउच उजव्या हाताच्या माणसासाठी लावले आहेत. डावखुऱ्याला मॅगझिन बदलताना हात आडवा घेऊन रायफलच्या पट्ट्याखालून काढावा लागेल.

यावरचा उपाय जुना आहे आणि सगळीकडे मिळतो. जॅकेटवर एक इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत एक इंच अंतर, आणि दर दीड इंचावर पक्का टाका. याला पाल्स पट्ट्या म्हणतात. तेच माप धरून केलेला कुणाचाही पाउच त्यात ओवून बसवता येतो, काढता येतो, सरकवता येतो. फाटला तर तेवढाच बदलता येतो. शिवलेला पाउच फाटला की अख्खं जॅकेट दुरुस्तीला जातं, आणि तोवर तो माणूस दुसऱ्या कुणाचं तरी जॅकेट घालतो. मी नोंदवही ठेवत होते, असं किती वेळा झालं ते मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या अंगावर एकाच जागी हवी, आणि ती म्हणजे टूर्निकेट. मधोमध, पोटाजवळ, दोन्ही हातांना पोचेल असं. अंधारात, धुरात, दुसऱ्याच्या अंगावरही मला ते चाचपून सापडलं पाहिजे. इतर पाउच ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे लावावेत, हा एक सगळ्यांनी ठरवून लावावा.

झटक्यात सुटणारी सोय तुमच्या नमुन्यात नाही. एक दोरी किंवा मूठ ओढली की पट्टे सुटतात आणि जॅकेट दोन भागांत वेगळं होतं, अशी जॅकेटं मिळतात. पाण्यात पडलेल्या माणसालाही तीच लागते, कारण प्लेटसकट माणूस सरळ तळाला जातो. ही सोय असती तर त्या पहाटे मी कात्री हातात घेतलीच नसती. ओढायच्या पट्ट्याबद्दल वर लिहिलंच आहे. पूर्ण सामानासह वजनदार माणूस त्या पट्ट्याने फरशीवरून ओढून बघा. एवढीच त्याची चाचणी. पाच मिनिटं लागतील.

आता जे दिसत नाही त्याबद्दल. जॅकेट विकत घेतलं त्या दिवशी जितकं चांगलं असतं तितकं ते पाच वर्षांनी असेलच असं नाही. झायलॉन नावाच्या धाग्याचं उदाहरण तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. हलका, मऊ, मजबूत, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या झायलॉनच्या जॅकेटमधून जी गोळी अडायला हवी होती ती आत गेली. मग वापरलेली जॅकेटं गोळा करून तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक जॅकेटांमधून निदान एक गोळी पार गेली. तो धागा ओलाव्याने आणि प्रकाशाने कमकुवत होत होता. ओलावा म्हणजे इथे घामही आलाच. ऑगस्ट २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. आज झायलॉन वापरत नाहीत, पण वापरलेली जॅकेटं अधूनमधून तपासावी लागतात हा धडा तेव्हापासून सगळ्यांसमोर आहे. तुमच्या पत्रात वापरातल्या जॅकेटच्या तपासणीबद्दल एक ओळही नाही. प्रत्येक खेपेतून काही नग काढून त्यांच्यावर गोळी झाडून पाहण्याची अटही नाही. नमुन्याचं प्रमाणपत्र नमुन्यापुरतं असतं, येणाऱ्या खेपेचं काय?

सिरॅमिकची प्लेट काँक्रीटवर पडली तर तिला आतून तडा जाऊ शकतो आणि वरचं कापड जसंच्या तसं दिसतं. असा तडा एक्स-रे काढल्याशिवाय नीट दिसत नाही. पॉलिएथिलीन उष्णतेला कच्चं असतं. तापलेल्या गाडीच्या डिकीत ते दिवसेंदिवस ठेवू नये. मऊ पॅनल साध्या हँगरला लटकवली की वाकतात, खांद्याशी गोळा होतात, ती सपाट ठेवायची असतात. मी साहित्य ताब्यात घेतलं तेव्हा एका कपाटात अकरा जॅकेटं एकावर एक कोंबलेली सापडली. तीन जॅकेटांच्या आतलं लेबल घामाने पुसून गेलं होतं. तयार झाल्याची तारीख नाही, क्रमांक नाही, पातळी नाही. ती जॅकेटं कुणी तरी रोज घालत होतं.

गोळी अडली म्हणजे माणूस सुखरूप, हाही एक समज आहे. चाचणीत जॅकेटच्या मागे चिकणमातीसारखा गोळा ठेवतात. गोळी अडल्यावर त्या गोळ्यात पडणारा खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल नसावा, अशी अट आहे. ४४ मिलिमीटर म्हणजे जवळपास पावणेदोन इंच. माणसाच्या छातीत एवढा दणका बसला तर बरगडी मोडू शकते, फुप्फुसाला मार बसू शकतो. म्हणून गोळी अडवलेल्या माणसालाही लगेच तपासावं लागतं, आणि म्हणून जॅकेट लवकर सुटावं लागतं.

तुमची अडचण मला अजिबात समजत नाही असं नाही. पैसा मर्यादित आहे, नियम आहेत, सर्वांत कमी दर डावलला तर कारण लिहून द्यावं लागतं आणि उद्या चौकशी झाली तर उत्तर तुम्हाला द्यायचं असतं. या समितीने निदान नव्या प्लेट मंजूर केल्या, हेल्मेटचा जुना साठा बाद केला, त्यासाठी पथकातल्या सगळ्यांच्या वतीने मी मनापासून आभार मानते. पण अंगावर घालून केलेली चाचणी हा लेखी निकष निविदेतच घातला, तिला गुण ठेवले, तर कमी दराच्या नमुन्याला नाकारायचं कारण तुमच्या हातात कागदावरच येईल. आज ते नाही, कारण निकष लिहिताना पथकाला विचारलं नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मंजूर नमुन्याची मागणी कंपनीला देण्याआधी थांबवा. निदान तीन वेगवेगळे नमुने पथकातल्या प्रत्येक कामाच्या माणसाला, त्यात बायका आणि डावखुरे धरून, किमान दोन आठवडे वापरायला द्या. जिने चढणं, गाडीत दोन तास बसणं, पालथं पडून नेम धरणं, दोन्ही हातांनी मॅगझिन बदलणं, जखमीला ओढणं, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्याचं जॅकेट सोडवणं, एवढं तरी त्यात करून घ्या. प्रत्येकाने सही करून लेखी मत द्यावं आणि ती मतं निर्णयाच्या फाईलला जोडावीत.

संरक्षणाची पातळी ठरवताना पथकासमोर आलेल्या शस्त्रांची यादी समोर ठेवा आणि मानकाचं नाव, आवृत्ती, प्लेट एकटी चालते की पॅनलसह, हे करारात स्पष्ट लिहा.

प्रत्येकाचं माप घेऊन जॅकेट द्या. बायकांसाठी वेगळी घडण मागवा. शिवलेले पाउच रद्द करा, पट्ट्यांचं जॅकेट घ्या आणि पाउच कामाप्रमाणे द्या. झटक्यात सुटणारी सोय आणि भक्कम ओढपट्टा यांच्याशिवाय कोणतंही जॅकेट घेऊ नका.

प्रत्येक खेपेची गोळी झाडून चाचणी, वापरातल्या जॅकेटांची दरवर्षी तपासणी, पडलेल्या प्लेटचा एक्स-रे आणि मुदत संपलेलं जॅकेट त्याच दिवशी बाद, हे लेखी आदेशाने ठरवा. नोंदवही सांभाळायला एक माणूस पूर्णवेळ नेमा.

आणि समितीत पथकातल्या दोघांना मताधिकारासह घ्या, त्यात एक वैद्यकीय सहायक असावा.

या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको, ते पथकाच्या सूचनाफलकावर लावा. चाचणीचा दिवस ठरला की कळवा. मापं घ्यायला आणि नोंदी लिहायला मी स्वखर्चाने येईन. येताना मोजपट्टी आणि वजनकाटा आणीन, आणि जिन्यावरून आल्यानंतर गाडीत जी अडकली होती ती कात्रीही आणीन. नवीन जॅकेटवर ती तुमच्यापैकी कुणीही चालवून पाहावी.

आपली नम्र,
पथकाची एक माजी वैद्यकीय सहायक